कोटीपोट

संगमनेरपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात पंकजा मॅडम हायस्कूलला विज्ञान शिकवायच्या. पचनसंस्था हा त्यांचा हातखंडा धडा. लाळेतलं विकर पिष्टाची साखर करतं हे पटावं म्हणून त्या अख्ख्या वर्गाला भाकरीचा तुकडा तोंडात धरून बसवायच्या. गोड लागेपर्यंत कुणी गिळायचा नाही. गेल्या मंगळवारी त्यांनी फळ्यावर गाईचं पोट काढलं होतं. त्याचे चार कप्पे, त्यातला सगळ्यात मोठा कोटीपोट. तिथले सूक्ष्मजीव चारा कुजवून पचवतात. एकदम धान्य किंवा गोड पडलं तर तिथं आम्ल वाढतं आणि ते बिचारे मरतात, हेही त्यांनी रंगवून सांगितलं होतं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं, मॅडमनी फळा पुसला.

रविवारी त्यांच्या लेकाचं, समर्थचं जावळ होतं. दोनशे पानं धरली होती, पण त्याच दिवशी गावात एक लग्न निघालं आणि पाहुणे तिकडे पांगले. अर्धं पातेलं भात नि परातभर बुंदी उरली. शेजारच्या बनूबाई सकाळपासून मोरीवर बसून भांडी घासत होत्या. त्यांचा नवरा वारलेला, लेक रेश्मा शिर्डीला सासरी. घरात बोलायला एक गाय, मोगरी. तिला आठवा महिना चालू होता.

सहाच्या सुमाराला बनूबाई हात पुसत उठल्या. "मॅडम, मोगरीला वैरण टाकून येते. वाट बघत आसंल."

"तुम्ही भांडी आवरा मावशी. गाईचं मी बघते."

आचाऱ्याचा माणूस पातेली न्यायला दारात खोळंबला होता, त्याची घाई होती हे खरं. पण बनूबाई उठल्या असत्या तर त्या तेलकट पातेल्यांना मॅडमनाच हात लावावा लागला असता, हेही तितकंच खरं. त्यांनी बादलीभर भात घेतला, वर बुंदी ओतली आणि गोठ्यात जाऊन गव्हाणीत रिकामी केली. गाईनं सगळं चाटूनपुसून खाल्लं. मग कडब्याची एक पेंढी सोडून मॅडमनी तिच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला. कार्याचं अन्न गाईच्या मुखी पडलं की घरादाराला समाधान वाटतं, तसं त्यांनाही वाटलं.

सकाळी मोगरी उठेना. डावी कूस फुगलेली, रवंथ बंद, नुसते दात खात बसलेली. जनावरांचे डॉक्टर गोरक्ष आले, पोटाला कान लावून बसले. शेजारून मॅडमही आल्या होत्या.

"काय खाल्लंय हिनं?"

"पहाटं दवातला वला लसूणघास टाकला मी," बनूबाई म्हणाल्या. "सुकू द्यायचा सोडून. चार तोंडं मारली आन बसली. माजीच चूक."

"भात, पोळी, गोडधोड? काल शेजारी कार्य होतं."

"न्हाई वो. मी तसलं घालू देती व्हय? आन संध्याकाळी तर मॅडमनी टाकलं. त्या पोरान्ला हेच शिकवत्यात."

डॉक्टरांनी मान वळवली. "मॅडम, काय टाकलं होतं?"

खरं ओठांवर आलं होतं. पण गोठ्याच्या दारात पाचसहा बायका उभ्या होत्या, त्यातल्या दोघींची मुलं मॅडमच्याच वर्गात होती.

"वैरण," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरांनी ओल्या घासाची पोटफुगी धरून तेल पाजलं आणि पुढच्या गावाला निघून गेले.

मॅडम शाळेत गेल्या. तिसऱ्या तासाला वह्या तपासायला घेतल्या, तर पहिलीच सायलीची निघाली. 'एकदम धान्य किंवा गोड खाल्ल्यास कोटीपोटातील आम्ल वाढते व जनावर दगावू शकते.' मोत्यासारखं अक्षर. मॅडमनी सवयीनं लाल पेनानं बरोबरची खूण केली, आणि मग ती ओळ पुन्हा वाचली. स्वतःची इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. व्हरांड्यात येऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि बादलीचं सांगून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, "सकाळी कळलं असतं तर लगेच सोडा दिला असता. पोट उघडून तो भात बाहेर काढला असता. तीन तास गेले मॅडम. येतो मी."

ते आले, सोडा पाजला, शिरेतून सलाईन लावलं. मॅडम अर्धी रजा टाकून गोठ्यात उभ्या राहिल्या. साडेचारला मोगरी गेली, पोटातल्या वासरासकट.

डॉक्टरांनी बॅग आवरली. "त्यांना तुम्ही सांगा. मी सांगणार नाही," एवढं हळू म्हणून ते गेले.

बनूबाई गाईच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. "चाळीस वर्सं जनावरं केली, आन वला घास टाकला मी. माज्या हातानं मारली."

"मावशी, घासानं नाही गेली ती. मी काल तिला भात घातला. बादलीभर. वर बुंदी."

बनूबाईंनी वर पाहिलं. मग पदरानं गाईच्या तोंडावरचा फेस पुसत म्हणाल्या, "देवाचं म्हून घातलं आसंल तुमी. जाऊ द्या. गोड खाऊन गेली."

इथं गप्प बसता आलं असतं. मॅडमना तो मोह झालासुद्धा.

"देवाचं म्हणून नाही, मावशी. पातेलं रिकामं करायचं होतं."

बनूबाईंचा हात थांबला. दारात धारांची चरवी, गाय आटल्यापासून रिकामी, तशीच पालथी होती. तिकडे बघत त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "सकाळी डॉक्टरनी इचारलं, तवा तुमी हितंच हुता न्हवं?"

"होते," मॅडम म्हणाल्या.

बनूबाईंनी मान हलवली, आणि परत गाईकडे तोंड करून बसल्या.