न भरलेला चुडा

शुक्रवारी दुपारी पार्सलवाल्याने गल्लीच्या तोंडाशीच मोटारसायकल थांबवली आणि मोठ्याने विचारले, "संयोगिता इंगवले कोण?" एरवी ही हाक ऐकली की संयोगिता शिलाईयंत्रावरून उठून, दुसऱ्या हाकेच्या आत दारात पोहोचलेली असे. त्या दिवशी मात्र ती आतल्या खोलीत एका बाईच्या ब्लाऊजचे माप घेत होती. उंबऱ्याशी गहू निवडत बसलेल्या सासूने, तानाबाईने, पार्सल घेतले आणि विळी ओढून त्याची चिकटपट्टी कापायला सुरुवात केली.

संयोगिताचा नवरा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तेव्हापासून तिची बहुतेक खरेदी मोबाइलवर होत असे. ती काही स्वस्ताईला भुललेली नव्हती. महाद्वार रोडवरचा जो कापडवाला पूर्वी तिच्यापुढे साड्यांचे गठ्ठे सोडत असे, तोच आता तिला पाहताच नोकराला हळू आवाजात सांगे, "वहिनींना त्या बाजूच्या दाखव." त्या बाजूला राखाडी आणि बिस्किटी रंगांची रांग असे. हळदीकुंकवाच्या दुकानात कुंकू मागितले, तर दुकानदार अदबीने विचारी, "घरात कुणाला पायजे?" रांगेतल्या प्रत्येकीपुढे गजरा धरणारी फुलवाली हिच्यापुढे आली की टोपलीत काहीतरी शोधू लागे. कोणीही तिला वाईट बोलत नसे. सगळे अतिशय जपून वागत, आणि त्या जपण्यातच सगळा अपमान साठलेला होता.

मोबाइलवरचे दुकान तिला लाल साडी दाखवी, मोरपंखी दाखवी, पैठणीचे काठ मोठे करून दाखवी. ते दुकान दयाळू होते असे नाही. ही बाई कोण, हे त्याला ठाऊक नव्हते, एवढेच. ज्यांना ठाऊक होते, ते तिला राखाडी रंगाकडे पाठवत होते. मोबाइलच्या खरेदीने पेठेतली दुकाने ओस पडली, अशी हळहळ आपण सर्वच करतो आणि ती खोटीही नाही. पण बाजाराने स्वतःच्या हाताने किती गिऱ्हाइके पायरीवरून परत पाठवली, याची चौकशी त्या हळहळीत कोणी करत नाही.

घेतलेल्या वस्तूंचे पुढे काय होई, हेही सांगायला हवे. दोन साड्या आणि एक नथ ट्रंकेच्या तळाशी होती. सासू देवळात गेली की संयोगिता कडी लावी, लाल साडी नेसून कपाटाच्या आरशासमोर थोडा वेळ उभी राही, आणि घडी मोडल्याचे कळू नये म्हणून ती साडी पुन्हा कागदासकट ठेवून देई.

तानाबाईने खोके उघडले. आत फुगेवाल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. निशिगंधा, संयोगिताची एकुलती मुलगी, लग्नासाठी रजा घेऊन घरीच होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती माल तपासण्याच्या विभागात नोकरी करत असे. मंगळवारी तिचे लग्न होते आणि रविवारी चुडा भरायचा होता.

"आगं, चुडा पार्सलनं मागवत्यात व्हय?" तानाबाई म्हणाली. "कासारीण भरती तो."

"माझ्या न्हाईत त्या, आज्जी. आईच्या हायत. मी मागवल्या." निशिगंधाने खोके उचलून मांडीवर घेतले. "माझा चुडा भरताना आई माझ्या शेजारी बसणार हाय."

तानाबाई रागावली नाही. तिने निवडलेले गहू डब्यात भरले, सूप भिंतीला टेकवले आणि मग नातीकडे पाहिले.

"तुझा आज्जा गेला तवा मी तुझ्या आईपेक्षा ल्हान होते. कासारणीच्या दारावरनं जाताना मी खाली बघून चालायची. माझ्यासाठी कुणी पार्सल मागवलं न्हाई."

एवढे बोलून तिने डब्याचे झाकण लावले. आपल्यावर झालेला अन्याय पुढच्या पिढीवर तसाच झाला नाही, तर आपले सगळे आयुष्य वाया गेले असे ठरेल, ही भीती पुष्कळ घरांत राज्य करते. तानाबाई त्या भीतीची चाकर होती आणि स्वतःला मालकीण समजत होती.

जेवायला घरी आलेला विजयसिंह, संयोगिताचा दीर, याला सारा प्रकार कळला तेव्हा तो हसला. लग्नाचा सगळा भार त्याच्यावर होता आणि कन्यादानही तोच करणार होता. हात धुता धुता तो म्हणाला, "वहिनी, बांगड्या मागवल्यासा, बरं केलंसा. आता ऑनलाइन नवरा बी मिळतोय म्हनं. मागवा की एक. पसंत न्हाई पडला तर परत बी घेत्यात."

त्याची बायको, म्हणजे संयोगिताची धाकटी जाऊ, पदर तोंडाला लावून हसली. संयोगिताने त्याच्या ताटात भाकरी वाढली. निशिगंधा ताडकन उठली, तसा त्याने आवाज खाली आणला. आपल्या मते तो आता समंजसपणे बोलत होता.

"हे बघा वहिनी. घालू नगा असं मी म्हनत न्हाई. तुमच्या खोलीत, दार लावून खुशाल घाला. मोबाइलवर काय बी मागवा, मी कवा विचारलंय? फकस्त चारचौघांत न्हाई. उद्या पावणं काय म्हनतील?"

समाजाचे औदार्य इतकेच असते आणि त्याला ते फार मोठे वाटते. विधवांच्या या प्रथा बंद कराव्यात म्हणून ग्रामपंचायतींनी ठराव केले, शासनाने परिपत्रक काढले. प्रथेने या सगळ्याला हसून मान डोलावली आणि स्वतःची सोय पाहून घेतली. बंद खोक्यातून येणारी आणि बंद खोलीत वापरली जाणारी वस्तू तिला मुळीच खुपत नव्हती. रस्ता पूर्वीसारखाच तिच्या मालकीचा राहत होता.

विजयसिंह गेल्यावर मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या. निशिगंधाने आईच्या हाताला साबण लावला. बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आली आणि तिथेच अडली. वर्षानुवर्षे कात्री धरून संयोगिताचा तळहात रुंद झाला होता, आणि मुलीने माप अंदाजाने टाकले होते. कासारीण हात आपल्या मांडीवर घेते, बोटे एकत्र आवळते, हाड चुकवून काच अलगद पलीकडे नेते. ती कला त्या खोक्यातून आलेली नव्हती. निशिगंधाने जोर लावला, बांगडी पिचली आणि काच आईच्या मनगटात शिरली.

"माप चुकलं माझं," निशिगंधा रडकुंडीला येऊन म्हणाली. "बदलून मागवते."

संयोगिताने मनगट नळाखाली धरले. आपल्या हातावर रक्त पाहून तिला राग आला, आणि तो मुलीवर नव्हता. इतकी वर्षे कडी लावून आपण जे करत आलो ते सुख नव्हते, ती आपली आपणच घेतलेली शिक्षा होती, हे तिला त्या पाण्याखाली स्पष्ट दिसले.

"नगं मागवूस," ती म्हणाली. "दार लावून घालायची बांगडी मला नगंच. रविवारी मी तुझ्यासंगं दुकानात येणार."

रविवारी सकाळी महाद्वार रोडच्या एका बोळातल्या धोंडुबाईच्या दुकानात गर्दी होती. लग्नसराई होती. धोंडुबाई कासारीण जातिवंत कारागीर. डोळे मिटून हात चाचपून माप सांगणारी. संयोगिताचा लग्नातला चुडा तिनेच भरलेला. तानाबाई रिवाजाप्रमाणे दाराजवळच्या बाकावर बसली. संयोगिताने पायरीवर चपलांपाशी थांबावे, असे सर्वांनी न बोलता ठरवले होते. धाकट्या जावेचा हात भरून झाला. धोंडुबाईने नवरीला पुढे बोलावले, तिचा हात मांडीवर घेतला आणि मऊ हाताची म्हणून कौतुक केले.

संयोगिता चपला काढून आत आली आणि मुलीच्या शेजारच्या पाटावर बसली. निशिगंधाने आपला हात काढून घेतला.

"आधी आईचा भरा, धोंडुमावशी. मग माझा."

धोंडुबाई प्रथम हसली, मग तिला कळले की ही थट्टा नाही. तिने पदराने घाम पुसला आणि सांगून पाहिले की हे काम आपल्याच्याने होणार नाही. मोकळ्या कपाळाच्या बाईचा हात भरला हे पेठेत कळले, तर उद्या एकही लग्नघर आपल्याला बोलावणार नाही. तिचे हे म्हणणे खरे होते. दुष्टपणा तिच्या एकटीचा नव्हता. गिऱ्हाईक दुकानाला भिऊन होते आणि दुकान गिऱ्हाइकाला. दोघेही एकमेकांच्या भीतीला धर्म म्हणत होते.

"मोबाइलवर मिळत्यात की गं पोरी," धोंडुबाई शेवटी काकुळतीने म्हणाली. "तिथं हात कुनाचा, कुनी इचारत न्हाई. हितं हात हातात घ्यावा लागतोय. माझ्यावर पाप कशाला घालतीस?"

संयोगिताने हात पुढे केला. मनगटावरची जखम अजून लाल होती.

"तुझ्या अंगातलं झंपर ह्याच हातानं शिवलंय, मावशी. ह्या दुकानात बसल्यात त्यातल्या तिघींचं माप मी माझ्या हातानं घेतलंय. छातीला टेप लावला तवा कुणी विटाळलं न्हाई. आता बांगडीलाच माझा हात विटाळतोय व्हय?"

ज्या तिघींचा उल्लेख झाला, त्यांतली एक उठून बाहेर गेली. दुसरीने पिशवीतून मोबाइल काढला आणि त्यात डोके खुपसले. तिसरी पुटपुटली की लग्नाच्या तोंडावर हा तमाशा कशाला. तानाबाई बाकावरून ओरडली, "उठ तितनं. लेकीचं वाटोळं करशील." धाकटी जाऊ विजयसिंहाला फोन लावू लागली.

संयोगिता उठली नाही. तिचा हात तसाच पुढे राहिला. बाकीच्या गिऱ्हाइकांनी उठून दुसरे दुकान धरले. अखेर धोंडुबाईने बांगड्यांच्या दोऱ्या खुंटीला अडकवल्या, रडत रडत शटर अर्धे ओढले आणि म्हणाली, "जा गं बायांनो. आज कुनाचाच भरत न्हाई."

मायलेकी आल्या तशा परतल्या. घरी विजयसिंहाने कन्यादान करणार नाही म्हणून धमकावले. निशिगंधाने सांगितले की मग आई करील, तेव्हा त्याने धमकी मागे घेतली.

मंगळवारी लग्न लागले. मेंदीने रंगलेले, पण मनगटापासून कोपरापर्यंत रिकामे हात घेऊन नवरी कार्यालयात आली, तेव्हा खुर्च्यांमधून कुजबुज पसरत गेली. नवरदेवाच्या, राजवीरच्या, आईने पुढे होऊन कारण विचारले. आईचा हात भरत नाहीत म्हणून आपणही भरला नाही, हे निशिगंधाने सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले. सासूबाईंनी घाईघाईने गाडीतून आणवलेला चुडा तिने हात जोडून परत केला. राजवीरने आईच्या बाजूने शब्द काढला नाही आणि बायकोच्या बाजूनेही नाही. आपल्याकडच्या सुशिक्षित तरुणांकडून इतकीच अपेक्षा धरण्याची सवय आपल्याला लागली आहे. तो अंतरपाटामागे उभा राहिला. संयोगिता मागच्या रांगेत गेली नाही. ती मुलीच्या उजव्या बाजूला उभी राहिली.

मंगलाष्टके सुरू झाली. प्रत्येक कडव्याअखेर अक्षता उडत आणि त्या उडवणाऱ्या शेकडो हातांतल्या बांगड्या एकदम वाजत. हिरव्या, लाल, लाखेच्या, सोन्याच्या. कोणाच्या दोन, कोणाच्या डझनभर. त्या हातांच्या मालकिणी जेवताना हळहळल्या. केवढी गुणाची पोर आणि बिनचुड्याची उभी राहिली, असे म्हणाल्या. दोष कोणी आईला दिला, कोणी कासारणीला, तर कोणी हल्लीच्या शिक्षणाला. मग पान खाऊन, आहेर मांडून, त्या आपापल्या घरी गेल्या.

त्यांपैकी एखादीने पुढे येऊन, आपल्या हातातली एक बांगडी उतरवून त्या आईच्या मनगटावर चढवली असती, तर दोन्ही चुडे तिथेच, मांडवात भरले गेले असते. ती बांगडी कोणत्याही दुकानातून आणायची नव्हती आणि कुठून मागवायचीही नव्हती. ती तिथे बसलेल्या प्रत्येकीच्या हातात होती.