मी दहा किलोंचाच राहिलो

मित्रांनो, या घरात आलात तर मी सहजासहजी दिसणार नाही. आतल्या खोलीत पलंग आहे, त्याच्याखाली जरा वाकून पाहा. भिंतीला टेकून पडलेला, रंगाचे पोपडे उडालेला, तोच मी. मी एक जुना डंबेल आहे. वजन दहा किलो.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यातला. वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले, निवल्यावर कडा घासल्या आणि काळा रंग चढवला. आम्ही दोघे भाऊ होतो, हुबेहूब सारखे. एकाच खोक्यातून आम्ही व्यायामाच्या सामानाच्या दुकानात आलो आणि एकाच फळीवर बसलो.

गिऱ्हाइके आम्हाला कशी निवडतात, ते मी तिथे पाहिले. बहुतेक जण आधी सगळ्यात जड डंबेलला हात घालत. दातओठ खाऊन एकदा उचलत, आरशात पाहत आणि तोच बांधून द्या म्हणत. रोज घरी उचलायचे आहे, हे त्यांच्या ध्यानातच नसे.

एके दिवशी दुकानात घड्याळजी आले. अंगाने किडकिडीत, मान कायमची पुढे झुकलेली. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून खसखशीएवढे स्क्रू फिरवलेला तो माणूस. त्यांनी दुकानाच्या मालकीणबाईंना आपली अडचण सांगितली. त्यांच्या पत्नी पूर्वी शाळेत शिकवत, त्यामुळे सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. मणक्याच्या दुखण्याने मास्तरीणबाईंच्या पायांतली शक्ती गेली होती. सकाळी मदतनीस बाई येऊन त्यांना चाकांच्या खुर्चीत बसवी आणि दुपारी जाताना परत झोपवी. मग उरलेला सारा वेळ पलंगावर. रात्रीचे जेवणही तिथेच. आदल्या दिवशी घड्याळजी स्वतः त्यांना उचलायला गेले आणि दोघेही जमिनीवर घसरले. शेजारी येईपर्यंत तसेच बसून राहिले.

"ती काय म्हणाली माहितेय?" घड्याळजी म्हणाले. "म्हणाली, आता ताटं इथेच मांडा."

मालकीणबाईंनी दोन किलोंची जोडी पुढे केली. "काका, सुरुवात इथून करा."

"माझी बायको दोन किलोंची नाही हो." असे म्हणून त्यांनी मला उचलले. उचलले कसले, मांडीचा धक्का देऊन वर ढकलले.

"मग जोडी तरी न्या."

"दोन्ही घरापर्यंत नेता आले असते, तर इथे आलोच नसतो."

अशा रीतीने मी एकटाच त्या दुकानातून निघालो. माझा भाऊ फळीवर राहिला. त्याच्या शेजारची माझी जागा कोणाला मिळाली, त्याला कोणी नेले, मला काहीच कळले नाही. लोखंडाला आठवण नसते असे तुम्हाला वाटत असेल. मला तर फार दिवस डाव्या बाजूला कोणीतरी आहे असे वाटत राही.

घरी आल्यावर घड्याळजींनी मला घाईघाईने उचलले आणि त्यांच्या कमरेत चमक भरली. ते मास्तरीणबाईंच्या शेजारीच आडवे झाले.

"बरं झालं," त्या छताकडे पाहत म्हणाल्या. "आता दोघांना उचलायला तिसरं माणूस बघा."

मास्तरीणबाईंकडून व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट ताई येत असे. तिने मला पाहिले आणि विचारले, "हे कोणी निवडलं?"

"मी," घड्याळजी म्हणाले.

ताई रागावली नाही. ती पलंगाच्या कडेला बसली आणि तिने समजावून सांगितले, "काका, दहाबारा वेळा उचलता येईल असं वजन घ्यायचं. शेवटच्या दोनतीन वेळा कष्ट पडले पाहिजेत, पण पाठ सरळ राहिली पाहिजे आणि श्वास कोंडता कामा नये. झोका द्यावा लागला तर ते वजन तुमचं नाही. गप्पा मारत सहज उचललं, तर तेही तुमचं नाही. आणि दांडा मुठीत नीट बसतोय ना, घामानं निसटत नाही ना, तेही बघा. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम करा. काकूंना उचलायचंय ते पायांच्या जोरावर, कमरेच्या नाही."

कंबर बरी झाल्यावर घड्याळजी दोन किलोंची निळी जोडी घेऊन आले. मला पायाने पलंगाखाली सरकवण्यात आले.

मित्रांनो, पलंगाखालून जग फार थोडे दिसते. मला घड्याळजींच्या टाचा दिसत. मास्तरीणबाईंच्या चपला दिसत, न वापरल्याने कोऱ्या करकरीत राहिलेल्या. निळ्या जोडीचे कौतुक मी ऐकत असे. मास्तरीणबाई मोठ्याने आकडे मोजत आणि घड्याळजींनी मधलाच आकडा गाळायचा प्रयत्न केला की म्हणत, "मागच्या बाकावर उभं करीन हं." मग दोघे हसत. माझ्यावर मात्र धूळ साठत होती. केरसुणीसुद्धा मला वळसा घालून जाई.

निळ्या जोडीनंतर चार किलोंची जोडी आली, मग सहाची. आणि एका सकाळी पलंगाखाली हात आला. घड्याळजींनी मला ओढून बाहेर काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि पाय रोवून उभे राहिले. त्यांनी मला झोका न देता उचलले. परत खाली नेले, परत उचलले. मास्तरीणबाई आकडे मोजायच्या थांबल्या होत्या.

"आता मला उचला," त्या म्हणाल्या.

पहिल्या वेळी ताई शेजारी उभी होती. घड्याळजींनी गुडघे वाकवले, मास्तरीणबाईंनी त्यांच्या मानेभोवती हात टाकले आणि त्या खुर्चीत बसल्या. त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी ते दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर जेवले. भांड्यांचा आवाज मला आतल्या खोलीत ऐकू येत होता. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

मग हे रोजचेच झाले. सकाळी घड्याळजी मला उचलत, संध्याकाळी मास्तरीणबाईंना. काही महिन्यांनी ते खुशीत येऊन म्हणू लागले, "बघितलंस? आज किती अलगद उचललं तुला."

"हो तर. पैलवान झालात तुम्ही," त्या म्हणत.

पण मित्रांनो, मी त्यांच्या मुठीत होतो. त्या मुठीचा जोर मला ठाऊक होता. तो महिनोन् महिने तेवढाच होता, कारण मला उचलताना त्यांना तेवढाच घाम येत होता. मी तर दहा किलोंचाच होतो. घड्याळजींची ताकद वाढत नव्हती. मास्तरीणबाईच हलक्या होत चालल्या होत्या. मला हे कळत होते आणि सांगायला तोंड नव्हते.

एका संध्याकाळी त्यांनी मास्तरीणबाईंना खुर्चीत बसवले, खुर्ची टेबलाशी नेली आणि काहीतरी आणायला ते खोलीत आले. मी वाटेत होतो. बाजूला ठेवण्यासाठी त्यांनी मला उचलले. एका क्षणापूर्वी त्यांनी आपल्या बायकोला उचलले होते. मला उचलून ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी मला फार हळू खाली ठेवले.

ते स्वयंपाकघरात गेले.

"कळलं का?" मास्तरीणबाईंनी विचारले.

"हं. तुला कधीपासून माहीत होतं?"

"बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या तेव्हापासून. तुम्ही इतके खूश होता, मग बोलले नाही. वाढा आता, गार होतंय."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर आले, तपासण्या झाल्या, औषधे बदलली. पण आतून पोखरणारा आजार पुढे निघून गेला होता. शेवटच्या दिवसांत घड्याळजी त्यांना उशी उचलावी तसे उचलत. हिवाळा संपता संपता मास्तरीणबाई गेल्या.

लोक आले, लोक गेले. निळी जोडी आणि तिच्यानंतरच्या जोड्या शेजाऱ्यांनी नेल्या. त्या सगळ्यांना हव्या असतात. मला कोणी मागितले नाही. मी आपला आपणहून पलंगाखाली गेल्यासारखा परत तिथे आलो.

बऱ्याच दिवसांनी ताई तिने वापरायला दिलेली चाकांची खुर्ची परत न्यायला आली. जाताना तिने विचारले, "काका, व्यायाम चालू आहे ना?"

"चालू आहे की," घड्याळजी म्हणाले.

ते खरे नव्हते. जिना उतरणारी ताईची पावले ऐकू येईनाशी झाली, तेव्हा ते खाली बसले आणि त्यांनी मला बाहेर काढले. दोन्ही हात लावून मांडीपर्यंत आणले. त्याहून वर मी गेलो नाही. मनगटाचे हाड मला टोचले. आता तेही हलके होत चालले होते. आणि हे कळायला त्या घरात माझ्याखेरीज कोणी नव्हते.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, गंजू देऊ नका, एवढेच मागितले असते तर माझ्यासारख्या वस्तूला ते शोभून दिसले असते. पण मला दुसरेच काही मागायचे आहे. तुमच्या ओळखीत असे कोणी एकटे राहत असेल, तर त्यांच्याकडे जा. "बरे आहात ना?" असे दारातून विचारू नका, कारण दारात सगळेच बरे असतात. आत जाऊन बसा. उठताना त्यांना हात द्या आणि तो हात गेल्या वेळेपेक्षा हलका लागतो का, ते पाहा. मला ते कळते, पण मला जिना उतरून कोणाला बोलावता येत नाही. तुम्हाला येते.