राजबागेची डबल बेल

टण् टण्! डबल पडली आणि राजबागेच्या फाट्यावर थांबलेली नांदेड गाडी सुटली.

"कुणी मारली बेल?" कंडक्टर तनुजा ओरडली.

"मीच." दोरी अजून माझ्या हातात होती.

"काका, तुमालाच तर उतरायचं व्हतं ना हितं!"

सगळी गाडी हसली. हसणारच की. बत्तीस वर्षं मी याच रस्त्यावर कंडक्टर होतो. फाटा आला की "राजबाग, चला उतरा" म्हणायचं, माणसं उतरली की डबल मारायची. रिटायर झाल्याचं हाताला अजून कळलेलं नाही.

"थांबवू का?" तनुजा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. माझ्यापायी गाडीला कशाला उशीर?"

पुढच्या गावाला उतरलो आणि स्वतःला शिव्या घालत तीन किलोमीटर उन्हातून मागे आलो. शिव्या उन्हासाठी नव्हत्या. माझी बायको सिंधू हदगावची. माहेरी जाताना अहमदपूरहून नांदेडपर्यंत माझ्याच गाडीने यायची. फाट्यावर खिडकीतून राजवाड्याच्या बागेची कमान बघायची आणि म्हणायची, "अवो, एकदा उतरू की. राणी म्हणं कारंज्याच्या हौदात पाय सोडून बसायची. मला बी बसायचंय."

"डुटीवर हाय मी. रिटायर झाल्यावर बघू," मी म्हणायचो, आणि डबल मारायचो.

चैत्रात रिटायर झालो. म्हटलं, ऊन जरा कमी होऊ दे. आषाढात ती गेली. मागच्या आठवड्यात वर्षश्राद्ध झालं. तेव्हा ठरवलं, ती नाही तर निदान आपण तरी तिथं बसून यायचं.

बाग मोठी होती. गुलाबाचे वाफे, रामफळाची झाडं, फोटो काढणारी जोडपी. कारंजं मधोमध होतं. हौदावर बोर्ड होता, 'पाण्यात पाय घालू नयेत'. मी चपला काढल्या आणि पाय आत सोडले. आत पाचोळा होता.

शिट्टी वाजवत वॉचमन आला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, नरसिंग.

"मामा, बोर्ड वाचा की."

"वाचला. पाणी कुठंय?"

त्याने हौदात वाकून पाहिलं. "मोटार जळली, तवापसून न्हाई. पाच-सा वर्सं झाली."

"आदुगर व्हतं?"

"लई! माणूसभर उडायचं."

म्हणजे ती म्हणत होती तेव्हा पाणी होतं. पाच मिनिटं गाडी थांबवली असती तर काय एसटी बुडणार होती? मला रडू आलं. सांगायला लाज कसली.

"एकलेच आलाव का?" नरसिंगनं विचारलं.

"हाव."

त्याने शिट्टी खिशात घातली. "बसा मग," म्हणाला आणि कमानीकडं निघून गेला.

पाच वाजता तनुजाचीच गाडी परत आली. मी चढलो आणि दारातच उभा राहून मागं बघत राहिलो.

"काका, मागं कुणी ऱ्हायलं का?"

"न्हाई. कुणी न्हाई."

"मग मारा की डबल," ती हसून म्हणाली.

दोरी डोक्यावरच होती. हात काही वर जाईना.

"तूच मार, पोरी," मी म्हणालो.