शेवटी निघालेल्या पेशी

मार्गशीर्षातली सकाळ होती. नीरेकाठच्या शाळूवर दहिवर पडलं होतं आणि कोवळं ऊन त्यावरून हात फिरवत होतं. पान उजळत होतं, पान विझत होतं. श्रीपतीनं आपल्या हॅचरीतून तीस-तीस अंड्यांचे दोन ट्रे उचलले, गाडीत ठेवले, वर घोंगडी घातली आणि पुण्याची वाट धरली.

दर मंगळवारी तो असाच निघायचा. त्याची बायको कुमुद सहाच्या एसटीनं पुढे गेलेली असायची. ती प्रयोगशाळेत कामाला होती, आणि तिला लागणारी अंडी तो मागून घेऊन यायचा. फाटकावरचा वॉचमन रंगनाथ लांबूनच म्हणायचा, "आलं, वहिनींचं वऱ्हाड आलं." म्हणायचा, हसायचा आणि खुर्चीतून हलायचा नाही.

त्या मंगळवारी रंगनाथ उठला. चालत गाडीपाशी आला. त्यानं दोन्ही ट्रे श्रीपतीच्या हातातून काढून घेतले. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

हात रिकामे झाले, तेव्हाच श्रीपतीला कळलं. बाकीचं मागून सांगितलं गेलं. दहाच्या सुमाराला, काम करता करता, तिच्या मेंदूतली एक रक्तवाहिनी फुटली. दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. तो तेव्हा दिवेघाटात होता आणि अंड्यांना हिसके बसू नयेत म्हणून गाडी हळू चालवत होता.

कुमुदचं काम इतकं लहान होतं की ते सांगायला मोठा दिवस लागायचा.

अंड्याच्या कवचाला ती नखाएवढी खिडकी पाडायची. आत बलकाचं सोनेरी तळं. तळ्यावर दीड दिवसाचा जीव, सायीवर ओढलेल्या रेघेएवढा. त्याला डोळे नाहीत, पंख नाहीत, हृदय म्हणावं असं हृदय नाही. त्या रेघेच्या पाठीवर, मानेच्या जागी, ती केसाहून बारीक काचेच्या नळीनं रंगाचा एक कण ठेवायची. मग खिडकीवर चिकटपट्टी, कवचावर पेन्सिलीनं तारीख, आणि अंडं पुन्हा उबेत.

आणि आत पेशी निघायच्या.

पाठीच्या कडेवरून उठायच्या, शेजारणीचा हात सोडायच्या आणि निघायच्या. रंग ल्यालेल्या, काळोख तुडवणाऱ्या, अनामिक पांथस्थ पेशी. त्यांना रस्ता कोणी आखून दिलेला नसतो. एकमेकींना धडकतात, बाजूला होतात, पुन्हा चालतात. पुढून कसलीशी चाहूल येते, तिच्या मागे जातात. कुठे शिरकाव नसतो, तिथून वळतात. कोणी जबड्यात थांबते. कोणी मज्जातंतूंत थांबते. कोणी चालत चालत थेट हृदयाच्या दाराशी जाते आणि रक्ताच्या एका वाटेच्या दोन वाटा करणारी भिंत होते. ती भिंत उभी राहिली नाही तर हृदय पुरं होत नाही.

जेवताना ती हे सांगायची, आणि भाकरी मोडता मोडता श्रीपतीचा हात थांबायचा. त्यांना कळतं कसं, इथंच थांबायचं ते, असं तो दर वेळी विचारायचा. ती दर वेळी म्हणायची, तेच तर बघतेय.

एकदा मात्र ती जास्त बोलली.

"पहिल्या निघतात ना, त्यांच्यापुढे वाट मोकळी असते. मला त्यांचं काही नाही. जी सगळ्यांत शेवटी निघते, तिला पुढे सगळं भरलेलं दिसत असेल. ती कुठं थांबते, अहो, एवढं मला बघायचंय."

श्रीपतीचं शास्त्र वेगळं होतं. उबेतलं अंडं फिरवावं लागतं. कोंबडी चोचीनं फिरवते, तो हातानं फिरवायचा. एकाच कुशीवर राहिलं तर आतला जीव कवचाला चिकटतो आणि मरतो. पुढे आपोआप फिरवणारं यंत्र आलं, तरी जाता-येता त्याचा हात अंड्यांवरून जायचाच. कुमुदच्या अंड्यांचं बरोबर उलटं. खिडकी सदा वर. ती खाली गेली की पांढरं गळतं, जीव पट्टीला चिकटतो. ती त्याला चिडवायची, तुमची लेकरं कूस बदलून झोपतात, माझी उताणी. तुमच्या हातात माझं एक अंडं द्यायची नाही मी.

मंगळवार गेला. बुधवार गेला. गुरुवारी प्रयोगशाळेच्या तारा पेंडसे बाईंचा फोन आला. सोमवारी कुमुदनं सहा अंडी रंगवून ठेवली होती. सगळ्यांत शेवटी निघणाऱ्या पेशींची. सहाही जगली होती आणि शुक्रवारी उघडायची होती. तिच्याइतका बारीक कण आमच्यापैकी कोणाला ठेवता येत नाही, बाई म्हणाल्या. तुम्ही या. तुमच्यासमोर उघडते.

श्रीपतीची थोरली बहीण आक्का दारात आडवी आली. सुतक धरलेला माणूस दहा दिवसांच्या आत असा बाहेर पडतो होय, लोक काय म्हणतील.

"सहा जीव उबेत आहेत, आक्का," तो म्हणाला. "ते दहा दिवस थांबत नाहीत."

शुक्रवारी बाईंनी त्याला आतल्या खोलीत नेलं. अंडी उबेत ठेवलेल्या यंत्राचं दार दाखवलं. बघत बसा, मी सूक्ष्मदर्शक लावून येते, म्हणाल्या आणि गेल्या. त्याचा दिवा पेटेना म्हणून त्यांना अर्धा तास उशीर झाला.

त्यानं दार उघडलं.

ऊब तोंडावर आली. तीच ऊब, हॅचरीतली, पहाटेच्या गोधडीतली, जिवंत देहाची ऊब. आत मंद पिवळा उजेड. सहा अंडी. सहा कवचांवर पेन्सिलीचं अक्षर, किंचित उजवीकडे कललेलं, कुमुदचं. त्यानं एकावर अंगठा टेकला. अक्षर अंगठ्याखाली गेलं आणि डोळे भरून आले. उजेड पाण्यात हलू लागला, अंडी पाण्यात हलू लागली, आणि त्या पाण्यात कुठली बाजू कुठली ते उरलं नाही.

आणि मग हात. तीस वर्षं ज्या हातानं अंड्यांवर एकाच रीतीनं माया केली होती, तो हात माया करू लागला. पहिलं फिरवलं. दुसरं फिरवलं. तिसरं. झोपलेल्याची कूस बदलावी तसं, हळू, धक्का न लावता. चौथं, पाचवं, सहावं. दार लावून घेतलं, म्हणजे ऊब जाणार नाही, आणि हात मांडीवर ठेवून तो स्टुलावर बसला. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला थोडं बरं वाटलं.

बाई आल्या. त्यांनी दार उघडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. ट्रेखाली पांढरं साचलं होतं.

"श्रीपतराव," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "खिडकी कुठल्या बाजूला होती?"

त्याला उत्तर येत होतं. अठरा वर्षं येत होतं.

तरी बाईंनी सहाही अंडी उघडली, एकेक, आशा न सोडता. सोनेरी तळी फुटली होती. जीव पट्टीला चिकटून फाटले होते. रंगाचे कण बलकात विखुरले होते, आकाशाला आकार नसताना चांदण्या सांडाव्यात तसे. कुठून निघाले, कुठे चालले होते, काही वाचता येत नव्हतं. त्यांनी त्याला बोल लावला नाही. पुन्हा करून बघू, म्हणाल्या. कोण करणार, ते म्हणाल्या नाहीत.

"माझ्याच हातानं झालं," तो म्हणाला. मग हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना.

तो घरी पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. शाळू सोन्याचा झाला होता, मग तांब्याचा, मग नुसता काळा. घरात माणसं मावत नव्हती. ओटीवर पाहुणे, माजघरात बायका, भिंतीला टेकून भावकी, खांबापाशी आक्का. जो तो आपापल्या जागी बसलेला. कोणी हळू बोलत होतं, कोणी नुसतं बसलं होतं. श्रीपती उंबऱ्यात उभा राहिला. आत बघत, उभा राहिला.

सगळ्यांत शेवटी निघालेली पेशी कुठं थांबते, ते बघायचं राहिलं आहे.