बियाण्याच्या खोलीतला रिव्हर्स हॉर्न

दचकू नका, मी रिव्हर्स हॉर्न बोलतोय. मागे वळून बघू नका, गाडीबिडी काही येत नाहीये. मी धसईत, बियाण्याच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेला आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पहिलं तोंड उघडलं ते कमळाकरच्या टेम्पोच्या बुडाखाली. सात वर्षं चिखल खाल्ला. पण मी ओरडलो की कोंबड्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळे निमूट बाजूला व्हायचे. एवढा मान कुणाला मिळतो हो? मग कमळाकरने नवा टेम्पो घेतला आणि मी पान्यांच्या डब्यात जाऊन पडलो.

तिथून मला काढलं योगिनीने. मुरबाडच्या कॉलेजात शिकलेली, हुशार पोर, पण उलथनं पडलं तरी छातीवर हात ठेवणारी. गावठी भाताचं बियाणं जपणाऱ्या गटाच्या नोंदी ती ठेवते, त्याही ब्लॉकचेनवर. म्हणजे धसई, मुरबाड आणि शहापूर, तिन्हीकडे एकच वही. एकीकडे लिहिलं, तिघांनी मानलं, की पक्कं. मग ते कुणालाच खोडता येत नाही.

आधी योगिनी सारखी पान उघडून बघायची, नोंद आली का, आली का. मग तिने वेबसॉकेट जोडलं. फोन लावायचा आणि ठेवायचाच नाही, तसं. आता नोंद पक्की झाली की वही स्वतःच वर्दी देते आणि मी ओरडतो. पहिल्यांदा ओरडलो तेव्हा योगिनी गोणीला मिठी मारून उभी राहिली. खोटं कशाला बोलू, मला मजा आली.

बाकीच्यांची तर आणखी गंमत. मी वाजलो की बायका पदर सावरून भिंतीला चिकटायच्या. हमाली करणारा नामा हात हलवत "येऊ दे, येऊ दे" म्हणायचा. पडद्यावर काय आलंय ते मात्र कुणी बघायचं नाही.

मे महिन्यातली गोष्ट. सिद्धगडच्या बाजूच्या बावीस घरांना द्यायचं बियाणं कमळाकरच्या टेम्पोत भरलं होतं. आठवड्यावर राबाची, म्हणजे रोपांच्या वाफ्याची, पेरणी. त्यात नऊ नंबरच्या गोण्या गीताबाईंच्या. गीताबाई गटाच्या अध्यक्षा, बियाणं जपायला सगळ्यांना शिकवलं त्यांनीच. शहापूरला प्रत्येक नंबरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात बांधून उगवण मोजतात. नऊ नंबरचा निकाल यायचा होता, पण गीताबाईंच्या बियाण्याचा निकाल कशाला बघायचा, म्हणून गोण्या आधीच चढल्या.

आणि मी वाजलो. सगळे शिस्तीत बाजूला झाले, टेम्पोला आयती वाट मिळाली. एकटी योगिनी दचकली आणि तिने पडदा वाचला. नऊ नंबर, शंभरात एकतीसच उगवले. त्या गोण्या ज्या घरांत जाणार, त्यांचे राब विरळ उगवणार, लावणीला पुरेसं रोपच नसणार.

ती कसंबसं बोलली. गीताबाईंचा आवाज चढला नाही, तेच वाईट.

"माझ्या सासूच्या हातचं बियाणं हाय ते. तुझा डबा वाजतोय तर वाजू दे. कमळाकर, काढ गाडी."

टेम्पोने घरघर सुरू केली. तेव्हा योगिनी कॉम्प्युटरकडे वळली आणि तिने टाइप केलं, "नऊ नंबर थांबवला. जबाबदार, योगिनी." तिन्ही ठिकाणी शिक्कामोर्तब व्हायला चार सेकंद लागतात. टेम्पो फाटकापर्यंत गेला. मग मी असा किंचाळलो, असा किंचाळलो, की कमळाकरचा पाय सात वर्षांच्या सवयीने ब्रेकवर गेला.

गीताबाई आत आल्या. काय लिहिलंस, म्हणाल्या. योगिनीने वाचून दाखवलं, स्वतःच्या नावासकट.

"खोड आता."

"खोडता नाय येत, काकी."

"मला पण नाय?"

"कोणालाच नाय."

गीताबाई टेम्पोपाशी गेल्या, गोणीत हात घातला, एक दाणा दाताखाली धरला. बराच वेळ चावत राहिल्या. मग तिथूनच म्हणाल्या, "यंदा सारवलेल्या कणगीत भरायचा कंटाळा केला मी. तापत्या पत्र्याखाली, प्लॅस्टिकच्या गोणीत ठेवलं. हे पण लिव गो. माझ्या नावानं."

योगिनीने लिहिलं. मी वाजलो, जरा हळूच वाजावं असं वाटलं, पण ते माझ्या हातात नाही. नामा गोण्या उतरवायला लागला.

आता माझ्या मागे पालीने घर केलंय, आवाजही थोडा घोगरा झालाय. एकच सांगून ठेवतो. इथे लाइट वरचेवर जाते. लाइट गेली की ती उघडी लाइन तुटते आणि मी मुका होतो, पण तिकडे शहापुरात कुणीतरी लिहीतच असतं. लाइट आली की योगिनी आधी लाइन जोडते आणि मधल्या वेळातल्या नोंदी वहीकडून मागून घेते. तुम्हीही तेवढं करा. मी गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नका.