काल्याच्या दिवशीची भाकरी

चांगुणाबाईला गावात कुणी गरीब गाय म्हणत नसे. नवरा गेला तेव्हा दिराने, राधाकृष्ण पाटलाने, वाटणीत खडकाळ तुकडा तिच्या गळ्यात मारला, तर तिने भर चावडीत उभं राहून सांगितलं होतं, "भावजी, खडक मला द्या नायतर माळ, मी तिथंबी पिकवीन. पन वाटनी बरोबर झाली असं माझ्या तोंडून वदवू नका." तेव्हापासून दीर-भावजयीच्या चुली वेगळ्या झाल्या. अंगण मात्र एकच राहिलं, कारण अंगणाला मध्ये भिंत घालायला दगड होते पण पाणी नव्हतं.

पाणी कुठेच नव्हतं. शेवगावच्या पूर्वेला बहात्तरच्या त्या दुष्काळात विहिरींच्या तळाला पोरं गोट्या खेळत होती. बैल छावणीला गेले आणि माणसं पाझर तलावाच्या कामावर. एरवी बांधावरून कुणाची सावली पडली तर नाक मुरडणारे गडी तिथे एका रांगेत बसून खडी फोडायला लागले. सरकारी हातोड्याला जात नव्हती, आणि रेशनच्या मिलोलाही नव्हती. परदेशातून आलेली ती लाल ज्वारी पाटलाच्या घरी जेवढी लाल, तेवढीच ओढ्यापलीकडच्या बौद्धवाड्यात लाल.

चांगुणाच्या शेजारी खडी फोडायला बसे साळूबाई. बौद्धवाड्यातली, चांगुणाच्याच वयाची, आणि जीभ तिच्यापेक्षा दोन बोटं धारदार. पहिले काही दिवस दोघी दुपारी पाठीला पाठ लावून जेवल्या. चांगुणा वाईट नव्हती, पण सवय नावाची एक घाण असते, ती चांगल्या माणसाच्याही अंगाला असते.

ती मोडली बचित्तरसिंगाने. हा नगरहून खडीचा ट्रक घेऊन येणारा सरदारजी. दुपारी ट्रक सावलीला लावायचा आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसायचा. एकदा त्याने पाहिलं, एका म्हातारीकडे भाकरीच नव्हती आणि ती पाणी पिऊन पदराने तोंड पुसत होती, जेवल्यासारखं दाखवायला. बचित्तरसिंगाने आपलं धुतलेलं पागोट्याचं कापड मध्ये अंथरलं, आपल्या रोट्या त्यावर टाकल्या आणि म्हणाला, "सब इसमें डालो. मग बसा लाइनीत. मी वाढतो."

कुणी हललं नाही. गावातला बन्सी म्हणाला, "सरदारजी, आमच्यात असं चालत न्हाई."

"आमच्यात बी नव्हतं चालत," सरदारजी म्हणाला. "आमच्या गुरूंनी चालवलं. राजा आला तरी खाली बसून खाणार. ज्याला जमत नाही, तो भुका जाये."

साळूबाईने आपली भाकरी कापडावर फेकली. चांगुणाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा म्हातारीकडे, आणि आपलं फडकंच उलटं केलं. मग सगळ्यांनीच टाकल्या. एकदा सगळ्या लाल भाकरी एकत्र झाल्या की कुणाची कुठली, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तेव्हापासून कामावर रोज हेच चाललं. बन्सीलाही चार दिवसांत जमायला लागलं, पण गावात बोलायचं नाही, हे सगळ्यांनी न ठरवता ठरवलं होतं.

चैत्रात हनुमान जयंतीचा सप्ताह आला. दुष्काळात सप्ताह करावा की नाही यावर खल झाला आणि राधाकृष्ण पाटलाने निकाल दिला, देवावर रुसून पाऊस येत नसतो. सप्ताहाची रीत अशी, की शेवटच्या दिवशी, काल्याला, घराघरांतून भाकरी गोळा करायच्या, मारुतीच्या देवळापुढे धोतरांवर ढीग रचायचा, आणि कढईतल्या आमटीबरोबर साऱ्या गावाने जेवायचं. भाकरी गोळा करण्याचा मान चांगुणाच्या घरचा. ती बचित्तरसिंगाला मोठ्या ऐटीत म्हणाली, "सरदारजी, तुमीबी या काल्याला. आमच्यात तुमच्यासारखंच असतंय बघा. सारं गाव एका पंगतीत!"

"वा!" सरदारजी खूश झाला. "सालूबाई कहाँ बैठेगी?"

त्याने सहज विचारलं होतं. शेजारी साळूबाईचा हातोडा क्षणभर थांबला आणि पुन्हा दगडावर पडला. चांगुणा खाली वाकून खडी सारू लागली. कारण साऱ्या गावाच्या पंगती उठल्यावर उरलंसुरलं देवळाबाहेर, ज्याच्या त्याच्या भांड्यात वाढायचं, ही साळूबाईच्या वाड्यासाठी रीत होती. आणि वाड्याने बुद्धाचा धर्म घेतला त्या साली ती भांडी येणं बंद झालं होतं. गावाला वाटलं होतं, बरं झालं, आमटी वाचली.

संध्याकाळी घरी जाताना चांगुणाने साळूबाईला गाठलं. "साळू, काल्याला जेवायला ये. माझ्या शेजारी बस. कोन काय बोलतंय बघते मी."

"न्हाई येत."

"का? भ्यालीस?"

"भेतीया माझी जुती!" साळूबाई गर्रकन वळली. "तू मला जेवाया घालनार, मंजी तू मोठी आन् मी भुकेली. मी काय जन्मभर तुमच्या देवाच्या दारात तोंड वासून हुबी राहू? तुमच्या ढिगात आमची भाकर कदी घेतलीय का? आमची आमटी चालत न्हाई, आमची भाकर चालत न्हाई, निसती आमची भूक चालती तुमाला. पुन्य लागतंय ना!"

चांगुणाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. राग आला, पण राग करायला जागाच सापडेना.

"आमचे भंतेजी सांगत्यात," साळूबाई जरा खालच्या आवाजात म्हणाली, "भगवान बुद्ध दारोदार जायाचे. राजाचं घर म्हनू नका, चांडाळाचं म्हनू नका. जे मिळंल ते एकाच पात्रात. त्यांनी आदी घेतलं, चांगुणा. घेनाराचा हात खाली आला तवा देनाराची मान वर झाली."

चांगुणा ओढ्याच्या कोरड्या वाळूत उभी राहिली. मग म्हणाली, "किती भाकरी टाकशील?"

"तू दारात आलीस तर पाटीभर."

काल्याच्या सकाळी भाकरी गोळा करायला बैलगाडी नव्हती, कारण बैल छावणीत. चांगुणाने बचित्तरसिंगाचा ट्रक मागितला. त्याने तो घासूनपुसून धुतला, तेही खड्ड्यातल्या उरल्यासुरल्या पाण्याने, आणि वर स्वच्छ चादरी अंथरल्या. चांगुणा पुढे त्याच्या शेजारी बसली. विधवा बाई ट्रकच्या पुढच्या सीटवर, हा विषय गावाला एक आख्खा पावसाळा पुरला असता, पण पावसाळाच नव्हता. मागे पाट्या घ्यायला बन्सी.

मानाची पहिली पाटी राधाकृष्ण पाटलाच्या घरची. पाटील पहाटेपासून देवळात. त्याची बायको केशरबाई पिठाच्या हातांनी दारात आली आणि म्हणाली, "जाऊबाई, बुवांचं फराळपानी निस्तरता निस्तरता माझ्या भाकरी राहिल्या बघा. तुमी व्हा पुढं, माझी पाटी मी आनते मागून." चांगुणा पुढे झाली. आळी झाली, कुंभारवाडा झाला, मशिदीमागे शमशेरभाईच्या घरच्या भाकरी दरसालच्याच, त्या झाल्या. मग ट्रक ओढ्याशी आला.

"बास, फिरवा मागं," बन्सी ओरडला.

"पुढं," चांगुणा म्हणाली.

"मावशी, पुढं कोन ऱ्हातंय ठावं हाय ना?"

"तू रोज ज्यांची भाकर खातोस ते ऱ्हात्यात. उतरायचं तर उतर."

बन्सी उतरला आणि धोतर सावरत देवळाकडे पळत सुटला. बचित्तरसिंगाने गिअर टाकला आणि ट्रक कोरड्या ओढ्यातून धूळ उडवत पलीकडे गेला.

बौद्धवाड्यात दारोदार पाट्या भरून ठेवलेल्या होत्या. साळूबाईने आपली पाटी ट्रकमध्ये ठेवली आणि स्वतःही चढली. "पाटी जाईल तितं मी जानार. पाटी आत आन् मी भाईर, हे न्हाई व्हायाचं."

देवळात काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. बुवांनी डोळे मिटून सांगितलं, गोपाळकृष्णाने साऱ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या सोडल्या, कुणाचं लोणी, कुणाची आंबट कांजी, कुणाची शिळी भाकर, सगळं कालवलं आणि त्यातला घास ज्याच्या त्याच्या मुखी भरवला. ते पाहून स्वर्गातल्या देवांनाही लाळ सुटली. बायांनी डोळ्यांना पदर लावला. राधाकृष्ण पाटील बुवांच्या पायाशी बसला होता, आणि बन्सी त्याच्या कानाशी लागला. पाटलाचा चेहरा मिलोसारखा लाल झाला. पण कीर्तनातून उठला तर काला मोडल्याचं पाप, म्हणून तो टाळ वाजवत बसला. एवढ्या रागाने कुणी टाळ वाजवलेला त्या मारुतीने पाहिला नसेल.

तोवर चांगुणाने दोन्हीकडच्या पाट्या धोतरांवर रिकाम्या केल्या होत्या, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत घालून ढीग वरखाली कालवला होता.

दहीहंडी फुटली तसा पाटील ताडकन उठला. "वैनी! ओढ्यापलीकडच्या भाकरी कंच्या?"

"या ढिगात हायेत."

"बाजूला काढा त्या."

"काढा की. ढीग तुमच्यापुढं हाय."

सगळं गाव गोळा झालं. कुणीतरी म्हणालं, ढीग बाटला, फेकून द्या. लगेच एक म्हातारी पुढे सरसावली, "फेक तर खरं! पोराच्या तोंडची काढून टाकलीय मी त्यात." त्या साली भाकरी फेकायची भाषा करणारा माणूस गावात जिवंत राहिला नसता. चांगुणा बुवांकडे वळली. "बुवा, मगाशी सांगितलंत ते खरं, का निसतं रडवायला? देवानं शिदोऱ्या जात इचारून सोडल्या हुत्या का?"

बुवांनी उपरणं झटकलं आणि मला पुढच्या गावी जायचंय, उशीर झाला, असं काहीतरी पुटपुटले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. चांगुणाला त्यांची कीव आली नाही, चीडच आली.

"यांना कशाला इचारायचं?" पाटील म्हणाला. "भाकर थापनाऱ्या हाताची वळख भाकरीवर ऱ्हाती. घराघरानं आपापली काढून घ्यावी, राहतील त्या त्यांच्या. मी दावतो." आणि तो ढिगापुढे उकिडवा बसला. भाकरी उलथीपालथी करत, कडा बोटांनी चाचपत त्याने एक पातळ, गोल भाकरी उचलली आणि साऱ्यांना दाखवली. "ही बगा. माझ्या घरची. कड बगा कशी सुताची. आमच्या मंडळींचा हात जनमभर खातोय, डोळं झाकून सांगीन." त्याने एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला आणि मान डोलावली. "तीच चव!"

"अवो," गर्दीच्या मागून आवाज आला. केशरबाई उभी होती. डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी. पळत आल्याने तिला धाप लागली होती. "आपली पाटी तर अजून माझ्या डोक्यावर हाय."

पाटलाचा जबडा जिथे होता तिथेच थांबला.

"चवीला बरी हाय का, पाटील?" साळूबाईने विचारलं.

आधी बाया हसल्या, मग गडी, मग आमटीच्या कढईजवळ उभा बचित्तरसिंग असा हसला की कढईतला डाव खाली पडला. पाटील तो घास थुंकू शकेना, देवाच्या दारात अन्न थुंकायचं कसं. आणि गिळायलाही धजेना. केशरबाई पुढे आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याची नजर सांगत होती, पाटी घेऊन घरी चल. जन्मभर ती त्या नजरेने उठली-बसली होती. तिने जावेकडे पाहिलं, आणि डोक्यावरची पाटी उतरवून सगळीच्या सगळी ढिगावर उलटी केली.

"घ्या," ती म्हणाली. "आता काडा माझी शोधून."

पाटलाने घास गिळला, आणि घरची वाट धरली. त्याच्यामागे त्याच्या पक्षाचे बरेच जण गेले. रागात त्यांना एकच आठवलं नाही, की घरातली झाडून सगळी भाकर ढिगात होती आणि चुली विझवून बायका इकडे आल्या होत्या.

उरलेलं गाव पत्रावळी मांडून खाली बसलं. कामावरचे सगळे आधी बसले, त्यांना ती सवयच होती. बन्सी जरा घुटमळला आणि टोकाला टेकला. बचित्तरसिंगाने आमटीची बादली उचलली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला, "सालूबाई कहाँ बैठेगी?"

चांगुणाने आपल्या शेजारची जागा हाताने झाडली.

"मी न्हाई बसत," साळूबाई म्हणाली. तिने पदर कमरेला खोचला, ढिगातून पाटी भरून घेतली आणि पंगतीच्या सुरुवातीला येऊन उभी राहिली. "आज मी वाढनार. माझ्या हातची ज्याला नको त्यानं आत्ताच उठावं, मागनं कुरकुर नको."

कुणी उठलं नाही. चांगुणा पंगतीत पहिली बसली होती. भाकरी पत्रावळीवर घेण्याची रीत होती, पण तिने पत्रावळी बाजूला सारली आणि साऱ्या गावादेखत दोन्ही हात पुढे करून ओंजळ धरली.

साळूबाई क्षणभर तशीच थांबली. मग तिने त्या ओंजळीत भाकरी ठेवली.

"अजून एक दे," चांगुणा म्हणाली. "भूक लागलीय मला."