अवसेला सोडलेले बैल

दर्शनाने मोबाइलवरच्या 'हिरवं शिवार' या शेतीच्या गेमच्या चित्रावर अंगठा दाबून धरला, तसं ते थरथरायला लागलं. आणखी एकदा टेकवला की सगळं पुसलं जाणार होतं: भाताची खाचरं, बांधावरचा आंबा आणि शेजारीण रंभा. अंगठा तिथेच अडला.

"पुसतेस का आरती ओवाळतेस?" तिचा नवरा भावेश बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला.

"थांबा ना जरा."

काल बातमी फुटली होती. या गेममधले निम्मेअधिक खेळाडू माणसं नव्हतीच, कंपनीने सोडलेली मशीनं होती. शेजार भरलेला दिसला की लोक खेळत राहतात आणि खताबियाण्याला खरे पैसे मोजतात, म्हणून केलेला उद्योग. दर्शनाच्या माहेरच्या, खर्डीच्या मैत्रिणींचा ग्रुप नुसता पेटला होता. मशीन ओळखायचं कसं, हेही तिथे ठरून गेलं होतं: ते रोज येतं, काही मागत नाही, कधी काही विकत घेत नाही. मग बैलांचा विषय निघाला. दर्शनाचे जुंपलेले बैल दोनदा आपोआप सुटले होते आणि नांगरणीचं बक्षीस हातचं गेलं होतं. 'कंपनीच सोडते, म्हणजे आपण पैसे भरून पुन्हा जुंपायचे,' असा निकाल लागला. दर्शनालाही तो पटला.

पण कंपनी गेली खड्ड्यात. तिला टोचत होती ती रंभा. वैशाखात लग्न होऊन ती धसईला आली तेव्हा गावात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. सासू-सासरे मायेचे, पण दिवसभर रानात. भावेश पडघ्याच्या गोदामात. त्या दिवसांत गेमने तिच्या बांधाला बांध लावून दिलेली ही रंभा रोज येऊन तिच्या खाचरात पाणी सोडून जायची. श्रावणात दर्शना तापाने अंथरुणाला खिळली. बरी होऊन पाहते तर मोबाइलमधलं भात हिरवंगार उभं. गेममध्ये बोलायची सोय नव्हती, तरी कुणीतरी आपली विचारपूस करतंय असं तिला वाटायचं, आणि तेवढ्यानेही बरं वाटायचं. आता ग्रुपने सांगितलेल्या सगळ्या खुणा रंभाला तंतोतंत लागू पडत होत्या. आपण एका मशीनला जीव लावला, याची तिला मनापासून लाज वाटली.

"एवढी माझी आठवण काढत नायस कधी," भावेश म्हणाला. "जाऊ दे गो. मशीन ते."

शेवटचं बघून घ्यावं म्हणून तिने अंगठा उचलून गेम उघडला. आज नांगरणीचा मेळा होता, बक्षीस दुप्पट. आजूबाजूला सगळ्यांचे नांगर धडाधड चालले होते. रंभाचं रान मात्र अर्धं नांगरून पडलं होतं आणि तिचे बैल आंब्याखाली मोकळे बसून रवंथ करत होते.

"बिघडली वाटतं तुझी रंभा," भावेश खांद्यावरून डोकावला.

तेवढ्यात अंगणात शेजारचा धर्मा आला. दर्शनाचे सासरे, सावळाराम, ओटीवर दोर वळत बसले होते.

"काका, औत द्या ना. ओल हाय तवर वाल टाकून घेतो."

"आज नाय रे. अवस हाय. बैल बसूं दे आज. उद्या उजाडलं का ने."

"ह्या! ध्यानातच नाय माझ्या," म्हणत धर्मा आल्या पावली वळला.

दर्शना दारापाशी आली. "मामा, लक्ष्मीपूजनाला पण अवसच असते ना?"

"मग? आन् सर्वपित्रीला पण. का गो?"

ती उत्तर द्यायला थांबली नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रंभाचे बैल असेच बसलेले तिने पाहिले होते. सर्वपित्रीलाही. दोन्ही वेळा गेम अडकला असं म्हणून तिने सोडून दिलं होतं. आणि तिचे स्वतःचे बैल सुटले होते, तेही त्याच दोन दिवशी.

तिने घाईघाईने आपलं रान उघडलं. मेळ्याच्या लोभाने काल निजायच्या आधी तिने बैल जुंपून ठेवले होते. आता ते बांधावर मोकळे उभे होते आणि पुढ्यात चारा टाकलेला होता. शेजाऱ्याला पाणी सोडता येतं तसे बैलही सोडता येतात, हे गेममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुसऱ्याचे बैल कुणी कशाला सोडील, म्हणून तिकडे कुणाचं डोकंच गेलं नव्हतं.

"अहो, ही बाई हाय. आपल्यासारखीच."

भावेशने मोबाइल हातात घेऊन पाहिलं, सगळं ऐकून घेतलं, तरी मान हलवली. "मशीनला शिकवलं असंल तसं."

"कोण शिकवील?"

"कंपनी."

"बैलांना सुट्टी द्यायला?"

या महिन्यात भावेशला गोदामातून एकही सुट्टी मिळाली नव्हती. सुटलेल्या बैलांकडे तो थोडा वेळ बघत राहिला.

"नाय," तो म्हणाला. "कंपनी नाय देणार." मोबाइल परत तिच्या हातात ठेवून हसत हसत तो गाडीला किक मारायला गेला.

दर्शनाला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. कोण असेल, कुठली असेल, कुणास ठाऊक. पण दोनदा आपलं बक्षीस बुडवलं, आजही बुडवलं, आणि वर चारा घालून गेली. दर्शनाने बैल पुन्हा जुंपले नाहीत. बांध ओलांडून ती रंभाच्या रानात गेली आणि आंब्याखालच्या जोडीपुढे चांगला भाराभर चारा टाकला.

"दर्शना, बैलांना पेंढा टाकलास का गो?" मागच्या दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"टाकला ना, आत्ताच टाकला," ती म्हणाली, आणि जीभ चावून गोठ्याकडे धावली.